डबा सापडला, आता लॉगमध्ये काय लिहायचं?

जिओकॅशिंगचा खेळ थोडक्यात असा. कोणीतरी एक डबा कुठेतरी दडवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं आणि बाकीचे फोन हातात घेऊन तो शोधायला निघतात. सापडला की आतल्या कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी येऊन संकेतस्थळावर नोंद करायची. या नोंदीला लॉग म्हणतात. खेळ कसा खेळायचा ते ॲप उघडल्यावर अर्ध्या तासात कळतं. लॉग कसा लिहावा हे मात्र कोणी शिकवत नाही. माझ्या मते हा खेळ टिकतो तो लॉगवरच. गोव्यात तर जास्तच, कारण इथे डबे मोजके, पाऊस मुबलक, आणि लॉग आला नाही तर डबा ठेवणाऱ्याला तो जागेवर आहे की वाहून गेला हे घरबसल्या कळायची सोय नाही.

लिहिण्याचा भाग या खेळात मागाहून आलेला नाही. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटरपर्यंत चुकत असे. त्या दिवसापासून ते चांगलंच अचूक झालं. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, एक गलोल होती, बीन्सचा एक डबा होता आणि एक वही-पेन्सिल होती. काही घ्या, काही ठेवा आणि वहीत लिहा, एवढीच अट. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली आणि आपापला अनुभव इंटरनेटवर लिहिला. आजच्या नियमांत खाण्याचे पदार्थ ठेवायला बंदी आहे, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय खड्डा खणून पुरायलाही बंदी आहे. वही मात्र तेव्हापासून आजपर्यंत सक्तीचीच राहिली आहे.

कागदावरची नोंद

नोंदी दोन. एक डब्यातल्या कागदावरची आणि एक संकेतस्थळावरची. कागदावर नाव नसेल तर संकेतस्थळावर 'सापडला' म्हणायचा हक्क नाही, आणि असा लॉग डबा ठेवणारा पुसून टाकू शकतो. लांबून डबा दिसला, पण झाडावर चढता आलं नाही, तर तो सापडला असं धरत नाहीत.

कागद किती मोठा, हे डब्यावर अवलंबून. नॅनो डबी बोटाच्या पेराएवढी असते. १० मिलिलिटरपेक्षा कमी जागा, आत कागदाची चिंचोळी पट्टी, आणि तीवर तारीख व आद्याक्षरं एवढंच मावतं. तिथे ऐसपैस सही ठोकून तीन जणांची जागा खाऊ नये. पट्टी परत गुंडाळताना ती घट्ट आणि सरळ गुंडाळा, पेन्सिलीच्या टोकाभोवती गुंडाळली तर उत्तम. सैल पट्टीची कड झाकणाच्या आट्यांत अडकते, झाकण पूर्ण बसत नाही, आणि त्या केसाएवढ्या फटीतून जूनमध्ये पाणी शिरतं. ऑगस्टमध्ये येणाऱ्याला डबीत कागदाऐवजी करडा लगदा मिळतो. पावसाळ्यात झाकण उघडण्याआधी हात पुसा आणि छत्रीखाली उघडा. लिहायला पेन्सिल न्या. बॉलपेन ओलसर कागदावर उठत नाही आणि जेलची शाई पसरते. कागद भरला असेल तर सोबतची कोरी पट्टी आत घाला, पण जुनी काढून नेऊ नका. ती ठेवणाऱ्याची आहे, आणि त्याच्या लेखी तिची किंमत डबीपेक्षा जास्त असते.

मोठ्या डब्यात वही असते. तिथे चार ओळी लिहायला हरकत नाही, उलट लिहाव्यातच. डब्यातून वस्तू घेतली असेल तर तिच्याच तोडीची किंवा तिच्याहून बरी वस्तू ठेवायची, आणि काय घेतलं, काय ठेवलं तेही नोंदवायचं.

संकेतस्थळावरचा लॉग कोण वाचतं?

तुम्ही लॉग टाकलात की डबा ठेवणाऱ्याला ईमेल जातो. त्याच्यानंतर तो लॉग वाचतो पुढचा शोधणारा, बहुधा जागेवर उभा राहून, फोनवर, घाम पुसत. हे दोन वाचक डोळ्यांपुढे ठेवले की बहुतेक शिष्टाचार आपोआप सुचतात. ठेवणाऱ्याला कळायला हवं की त्याच्या डब्याची तब्येत कशी आहे आणि तुम्हाला तिथवर आणल्याचं चीज झालं का. पुढच्याला कळायला हवं की कधी यावं, काय घालून यावं, कशापासून जपावं. पण डबा नेमका कुठे आहे, हे त्याला कळता कामा नये.

एक उदाहरण रचून बघू. समजा, पणजीत आल्तिनवरून फोंतेन्हासकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या आसपास एक छोटी डबी आहे. तिच्यावर तीन लॉग आले.

पहिला: "सापडला. धन्यवाद."

दुसरा: "दुसऱ्या वळणावरच्या कठड्याला डावीकडे भोक आहे, त्यात हात घातला की लगेच मिळतो. मस्त!"

तिसरा: "रविवारी सकाळी सातला वरून उतरलो. फोन दोन घरांच्या मधोमध बाण दाखवत होता, तो खिशात टाकला आणि पायऱ्यांकडेच नीट बघितलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेवढ्यात सायकलवरून पोदेर आला आणि पों-पों ऐकून दोन दारं उघडली, म्हणून पाव घेणारे आत जाईपर्यंत थांबलो. कागद कोरडा आहे, झाकण घट्ट बसतं. दहानंतर इथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते, त्याआधी या. इतकी वर्षं पणजीत जातो-येतो, हा जिना पहिल्यांदाच उतरलो. आभार."

पहिल्यात चूक काही नाही. मजकूर तोकडा आहे म्हणून कोणी लॉग पुसू शकत नाही. जगभर लोक याचंच आणखी छोटं रूप वापरतात: टीएफटीसी, म्हणजे डब्याबद्दल धन्यवाद. टीएनएलएन म्हणजे काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही. एफटीएफ म्हणजे सर्वांत आधी मला सापडला. फलकामागे चिकटवलेल्या डबीसाठी एवढं पुरेही. पण एखाद्याने चार टप्प्यांचं कोडं रचलं असेल, जागा निवडण्यासाठी स्वतः रानात भटकला असेल, आणि त्याच्या ईमेलमध्ये 'टीएफटीसी' ही चारच अक्षरं येत असतील, तर पाहुणा पोटभर जेवून एक शब्दही न बोलता चपला घालून निघून जावा तसं ते होतं. ठेवणाऱ्याला या खेळात दुसरी मिळकत नाही. डबा त्याचा, कागद त्याचा, पेट्रोल त्याचं.

दुसरा लॉग उत्साही आहे, पण घातकी. लिहिणाऱ्याने पुढच्या प्रत्येकाचा शोध संपवून टाकला. असा लॉग डबा ठेवणारा पुसू शकतो आणि पुसावाच.

तिसऱ्यात ठेवणाऱ्याला डब्याची खबर मिळाली, पुढच्याला वेळेचा सल्ला मिळाला, जागेचा पत्ता मात्र फुटला नाही. 'फोन खिशात टाका' ही सूचनाही किती सौम्यपणे दिली आहे! मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत चुकतं. घरांच्या दाटीत किंवा माडांखाली त्याहून जास्त. ही अडचण सांगणं म्हणजे जागा सांगणं नव्हे.

न सापडल्याचं लिहायची लाज नको

'सापडला'च्या लॉगला हसरा चेहरा मिळतो आणि 'सापडला नाही'ला निळा, रडवेला. त्या निळ्या चेहऱ्यामुळे लोक न सापडल्याचं लिहायचंच टाळतात. मला हे फार खटकतं, कारण डबा ठेवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत कामाचा लॉग हाच. प्रत्येक डब्याला अवघडपणाचे १ ते ५ तारे असतात, अर्ध्या-अर्ध्या ताऱ्याच्या पायऱ्यांनी. पाच ताऱ्यांचा डबा चौघांना मिळाला नाही तर ते अपेक्षितच. पण एक ताऱ्याचा डबा लागोपाठ तिघांना मिळाला नाही, तर तो बहुधा गेला. म्हापशात राहणाऱ्या माणसाने काणकोणात डबा ठेवला असेल, तर तो इतक्या लांब फुकट खेप घालणार नाही. पण हे तीन निळे चेहरे बघून नक्की जाईल. तिघांनीही गप्प बसायचं ठरवलं तर चौथा, पाचवा आणि सहावा रिकाम्या दगडाभोवती उन्हात फिरत राहणार.

अशा लॉगमध्ये किती वेळ शोधलं, कुठल्या प्रकारच्या जागा तपासल्या (नेमकी जागा न सांगता) आणि का थांबलात, हे लिहा. "पाऊण तास शोधलं, मग गवतात सळसळ झाली आणि परतलो" हा उत्तम लॉग आहे. आणि तिथवर पोचलाच नसाल तर 'सापडला नाही' लिहू नका. रायबंदरहून फेरीबोट मिळाली नाही आणि चोडणला जाणंच राहून गेलं, तर त्यासाठी साधी 'टीप' असते. शोधलंच नाही, तर न सापडण्याचा प्रश्न येत नाही.

डबा फुटलाय, कागद भिजलाय, झाकण हरवलंय अशा वेळी 'मालकाने लक्ष द्यावं' हा वेगळा लॉग आहे. त्यात दोष नेमका लिहा. "डबा खराब" याने काही कळत नाही. "झाकणाची रबरी कडी निघालीय, कागद खालच्या अर्ध्यात ओला" याने ठेवणाऱ्याला घरून निघतानाच काय न्यायचं ते कळतं. मात्र डबा सापडत नाही म्हणून स्वतःचा नवा डबा तिथे ठेवून 'सापडला' लिहिणं, हे मदतीच्या नावाखाली होणारं नुकसान आहे. मूळ डबा बरेचदा तिथेच असतो, मग जागेवर दोन डबे होतात आणि ठेवणाऱ्याचा हिशोबच बिघडतो. आधी त्याला विचारा.

तुम्ही लिहाल तसे लोक वागतील

हा मुद्दा गोव्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "वळसा घालायला नको म्हणून कोणाच्या तरी भाटातून (बागेतून) सरळ गेलो" असं एकाने लिहिलं की पुढचे चौघे त्याच भाटातून जातात. "तटावरून खाली उतरलो" असं लिहिलं की कोणीतरी शापोऱ्याच्या किंवा आग्वादच्या किल्ल्याच्या तटावरून उतरून बघतं. लॉग हा पुढच्यासाठी वाटेचा नकाशा होतो, म्हणून त्यात चुकीची वाट कौतुकाने लिहू नये. योग्य वाट सापडली असेल तर ती लिहा: "कुळागराच्या कुंपणापर्यंत येऊ नका, त्याआधीच डावीकडे पायवाट आहे."

जांभ्याच्या सड्यावर पावसात शेवाळ धरतं, ते लिहा. दगडाच्या कपारीत हात घालण्याआधी काठी फिरवा, हेही लिहा, कारण कोकण-गोव्याच्या सड्यांवर फुरसं असतं आणि ते रंगाने दगडमातीत मिसळून जातं. बाटल्यांच्या काचा पडल्या असतील तर "जागा घाणेरडी" असा शेरा मारण्यापेक्षा "काचा आहेत, बूट घालून या" हे उपयोगाचं. स्वतः चार बाटल्या उचलून आणल्यात तर तेही नोंदवा. या खेळात येता-जाता कचरा उचलण्याची चळवळच आहे आणि वाचून दुसराही पिशवी घेऊन येतो.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथल्या वाळूच्या टेकड्यांजवळचा डबा रात्री टॉर्च घेऊन शोधल्याची मर्दुमकी लॉगमध्ये सांगू नये, कारण उजेडाने कासवं आणि पिल्लं दोन्ही बिचकतात. देवराईत किंवा देवळाच्या आवारात गेलात तर तिथल्या रीती पाळल्याचं एका वाक्यात सांगा, तेवढ्याने पुढच्याचं वागणं सुधारतं. नौदलाच्या किंवा इतर सुरक्षा आस्थापनांचं बांधकाम फोटोत येऊ देऊ नका.

माणसांचंही तसंच. फोंतेन्हासच्या रहिवाशांनी दारासमोर चालणाऱ्या फोटोबाजीबद्दल वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. म्हणून लॉगसोबतच्या फोटोत कोणाचं दार, कोणाची बाल्कनी, कोणाचा चेहरा न विचारता टाकू नये. गोव्यात तुम्ही झुडपात वाकून काही शोधत असलात की "कितें सोदता?" असं कोणीतरी विचारणारच. तो प्रसंग लॉगमध्ये जरूर लिहा, पण त्या माणसाची टर उडवू नका. खेळाबाहेरच्या माणसांना खेळाडू 'मगल' म्हणतात. तो शब्द चालतो, त्यातला तुच्छपणा चालत नाही. काकांना खेळ समजावून सांगितलात आणि त्यांनी "आमच्या बांधावर पाय देऊ नका, बाकी बघा" म्हटलं, तर हीच माहिती पुढच्यासाठी सोन्याची.

उत्तरं फोडणं हा स्पॉयलरचाच, म्हणजे शोधाची मजा घालवणाऱ्या मजकुराचाच, दुसरा प्रकार. अर्थकॅशमध्ये डबा नसतो. भूगर्भाशी संबंधित जागा बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. समजा, नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीवर अशी एखादी असली, तर बुडबुड्यांबद्दलची उत्तरं ठेवणाऱ्याला निरोपातून पाठवायची, लॉगमध्ये फक्त आपला अनुभव. कोड्याच्या डब्याचंही असंच: "उत्तर सुचायला रात्र गेली" चालेल, "गुणाकार करून बघा" चालणार नाही.

आपली शैली

लॉग लांब असला म्हणजे चांगला, असं अजिबात नाही. संपूर्ण दिवसाचा प्रवास, नाश्त्याला खाल्लेली भाजी, गाडी कुठे लावली, सगळं सांगून शेवटी डब्याचं एक वाक्य, असे लॉग मी वाचताना गाळतो. शैली येते ती निवडीतून. त्या दिवशी त्या जागी तुम्हालाच दिसलेली एक गोष्ट घ्या. खाजनाच्या मानशीपाशी (खारजमिनीच्या बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) उभे असाल तर भरती लागताना दाराखालून उलटं वाहू लागलेलं पाणी, किंवा डबीच्या झाकणावर आधीच्या कोणाच्या तरी बोटाचा वाळलेला चिखल. ती नीट लिहिली की बाकीचं आपोआप छोटं होतं.

लिहायचं त्याच संध्याकाळी. आठवड्याने लिहिलेल्या लॉगमध्ये सगळ्या जागा सारख्याच 'निसर्गरम्य' होतात. उशीर झालाच तर तारीख मात्र सापडल्याच्या दिवसाचीच टाका. एका दिवसात बरेच डबे केले आणि सगळ्यांखाली एकच परिच्छेद चिकटवला, तर तो ज्यांना ईमेलवर आला त्या प्रत्येकाला लगेच कळतं. सहलीबद्दल दोन समान ओळी असायला हरकत नाही. त्यानंतर प्रत्येक डब्यासाठी निदान एक वाक्य त्याचं स्वतःचं असावं. गटाने गेला असाल तर कागदावर गटाचं नाव चालतं, पण मग प्रत्येकाने आपल्या लॉगमध्ये ते गटाचं नाव सांगावं, नाहीतर ठेवणारा कागदावर तुमचं नाव शोधत बसतो.

पद्यात लिहिणारे आहेत आणि मला ते आवडतात. आपल्याकडे तर ओवी जिभेवरच असते. एखादी आजी नातीबरोबर गेली आणि तिने लिहिलं,

"पहिली माझी ओवी, मांडवीच्या पाण्याला
सांजवेळी डबी दिसली, नातीच्या डोळ्याला"

तर त्यात कोणाला, कुठे, कधी सापडली, सगळं आलं आणि लपवलेली जागा लपलेलीच राहिली. मुलं सोबत असतील तर त्यांचं एखादं वाक्य जसंच्या तसं टाका. मोठ्यांनी दुरुस्त केलेलं नको.

तक्रार असेल तर आवाज खाली ठेवा. आकडे चुकलेत असं वाटलं तर "मला वीसेक मीटर ईशान्येला मिळाला" एवढं पुरे. डबा ठेवणारा निष्काळजी आहे, असा निवाडा चारचौघांत देण्याचं कारण नाही. त्याला खासगी निरोप पाठवता येतो.

मराठीत लिहावं का?

बेलाशक. ठेवणारा गोव्यातला असेल तर त्याला ते जवळचं वाटेल. पण आपल्याकडचे डबे शोधणाऱ्यांत परदेशी पर्यटकही असतात, म्हणून डब्याची तब्येत आणि धोक्याची सूचना या दोन गोष्टी शेवटी इंग्रजीतही द्याव्यात. बाकी मजकूर मराठीत खुशाल फुलवा. एक तांत्रिक गोष्ट डबा ठेवणाऱ्यांसाठी: संकेतस्थळावर इशारा (डबा शोधायला मदत करणारी खूण) सांकेतिक लिपीत दिसतो, म्हणजे प्रत्येक रोमन अक्षराऐवजी तेरा घरं पुढचं अक्षर. देवनागरीला हे लागूच होत नाही. मराठीत लिहिलेला इशारा सगळ्यांना उघडा दिसतो, आणि ज्याला इशारा न बघता शोधायचं होतं त्याचाही विरस होतो.

डबा ठेवणाराही काही देणं लागतो. सप्टेंबर सरला, वाटा सुकल्या की एकदा जाऊन कागद बदलावा, झाकण तपासावं आणि देखभाल केल्याचा लॉग टाकावा, म्हणजे पावसाळ्यापासून साचलेल्या शंका मिटतात. ज्यांनी निळे चेहरे टाकले होते त्यांना दोन शब्दांचा निरोप जावा, की तुम्ही कळवलंत म्हणून आलो. साध्या डब्यासाठी 'फोटो टाकलात तरच लॉग ठेवीन' अशा जादा अटी २००९ पासून चालत नाहीत, त्या लादू नयेत. आणि काढलेली जुनी पट्टी सावलीत वाळवून, फोटो काढून ठेवावी. संकेतस्थळावरच्या एखाद्या लॉगबद्दल शंका आली तर खरं-खोटं त्याच पट्टीवर तपासता येतं.